सातच्या बातम्या आणि संध्याकाळचं इन्सुलिन : नागपुरातल्या एका घराचं प्रकरण

प्रकरण मधुमेहाचं म्हणून आलं. रुग्ण सत्तरी ओलांडलेल्या आजी. आजोबा आता नाहीत, साखरेचा आजार जुना, सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी असं दोन वेळा मिश्र इन्सुलिन. राहायला मानेवाड्याच्या बाजूला, मुलगा, सून आणि अकरावीतला नातू यांच्यासोबत. कित्येक वर्षं साखर बऱ्यापैकी हातात होती. दिवाळीनंतर मात्र ती बिथरली. एखाद्या सकाळी तीनशेच्या घरात, एखाद्या रात्री सत्तरच्याही खाली. जानेवारीत एका रात्री दोनच्या सुमारास सुनेला जाग आली ती सासूबाईंच्या बडबडण्याने. अंग घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलण्याला आगापीछा नव्हता. ग्लुकोमीटरवर आकडा ५२. आजी गिळू शकत होत्या म्हणून साखरपाणी पाजलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं आणि मग दवाखान्यात नेलं.

ओपीडीत डॉक्टरांनी नेहमीचं सगळं पाहिलं. मात्रा बरोबर, पेन चालू, टोचायची जागा रोज बदललेली, पोटावर गाठी नाहीत, मूत्रपिंडाचा अहवाल पूर्वीसारखाच. साखर नुसती वर गेली असती तर खाण्यावर संशय घेता आला असता. इथे ती दोन्ही बाजूंना धावत होती, आणि असं होतं तेव्हा बहुधा औषध नि जेवण यांच्यातलं अंतर बिघडलेलं असतं. ते तपासणीच्या खोलीत दिसत नाही, घरात दिसतं. म्हणून कागद माझ्याकडे आला. मी या ओपीडीशी जोडलेली समाजकार्यकर्ती. घरभेटी हे माझं काम. कुटुंबाने लिहायला हरकत घेतली नाही. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

तिघांची तीन निदानं

मुलाचं म्हणणं, आई लपून गोड खाते. संक्रांतीचे तिळाचे लाडू डब्यातून कमी झालेत. सूनबाईंचं म्हणणं, त्या हल्ली ऐकतच नाहीत, कधी कधी सहा वाजायच्या आतच सुई लावून बसतात. नातू मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आजीला टाइम समजत नाही. डिमेन्शिया तर नाही ना?" हा शब्द त्याने मोबाइलवर शोधून ठेवला होता.

मी आजींशी बोलत बसले. वार कोणता, काल काय जेवलात, नातवाची परीक्षा कधी, बाजारात वांगी काय भावाने आहेत. सगळं बिनचूक. वांग्यांचा भाव तर माझ्यापेक्षा त्यांनाच बरोबर माहीत होता. अडखळल्या त्या फक्त एका ठिकाणी. दुपारचे चार वाजले होते आणि मी विचारलं, किती वाजले असतील? "पाच तरी झाले असन." समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. पण मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला झळ पोचलेली. इतक्या लांबून त्यांना नुसता पांढरा गोल दिसतो, काटे नाहीत.

"मग आधी कसं समजायचं, आजी?"

"टीवीवरून ना! सातच्या बातम्या लागल्या का सुई, बातम्या सरल्या का ताट. आता कुठं राहिल्या बातम्या?"

आमच्या फॉर्मवर विरंगुळ्याचा एक रकाना असतो. आजींच्या फॉर्मवर त्यात "टीव्ही पाहणे" असं लिहिलेलं होतं, आणि खाली औषधांच्या रकान्यात "वेळेवर घेतात". हे दोन रकाने एकमेकांशी बोलत असतील अशी शंका फॉर्म तयार करणाऱ्याला आली नसणार. टीव्ही म्हटलं की आपल्या डोक्यात मालिका, भांडणं, डोळे खराब होणं एवढंच येतं. घरात तो आणखी कोणती कामं करतो याची नोंद कोणी ठेवत नाही, आणि म्हणून तो बदलला जातो तेव्हा ती कामं कोणाकडे सोपवायची हा प्रश्नच निघत नाही. या प्रकरणात बिघडलं ते नेमकं इथे.

सात ते साडेसात

इन्सुलिन सुरू झालं तेव्हा आजोबा होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. जुन्या धर्तीचं मिश्र इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायचं असतं, कारण त्यातला लवकर काम करणारा भाग रक्तात उतरायला तेवढा वेळ घेतो. संथ भाग पुढे रात्रभर काम करत राहतो. सुई लावून जेवण लांबलं तर साखर घसरते. विसरून दुसऱ्यांदा लावली तर मध्यरात्री कोसळते. डॉक्टरांनी "अर्धा तास" एवढंच सांगितलं होतं. घरात तो अर्धा तास कुठे सापडेल हे आजोबांनी शोधून काढलं. सह्याद्री वाहिनीवरच्या सातच्या बातम्या. ठळक बातम्यांना सुई, हवामान झालं की ताट. घड्याळ पाहायचं नाही, मिनिटं मोजायची नाहीत, कोणाला विचारायचंही नाही.

पुढच्या भेटींत लक्षात आलं की या बातम्यांवर एकट्या आजी चालत नव्हत्या. सूनबाई शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, "आईंच्या बातम्यांचं म्युझिक स्वयंपाकघरात ऐकू आलं की मी कणीक भिजवायला घ्यायची. घड्याळाकडे बघायचं कामच नव्हतं." मुलगा बुटीबोरीला नोकरीला, तो सातच्या आगेमागे घरी. नातू क्लासहून साडेसातला. जेवायला कोणी कोणाला हाका मारत नसे. बातम्या संपल्या की सगळे हॉलमध्ये असायचेच.

आठ वाजता आजींची मालिका. तिच्यातल्या जाहिरातींचंही काम ठरलेलं. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात. १० धंद्याच्या आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या. आजींच्या हिशेबात पहिला ब्रेक म्हणजे रक्तदाबाची गोळी, दुसरा ब्रेक म्हणजे हॉलपासून फाटकापर्यंत फेऱ्या. जेवणानंतर जरा चाला, हे डॉक्टर सांगून सांगून थकतात. या घरात ते काम साबणाच्या आणि सोन्याच्या जाहिराती बिनबोभाट करवून घेत होत्या.

ही सवय एकाएकी लागलेली नाही. आजींचं माहेर नागपुरातल्याच महाल भागातलं. नागपूर आकाशवाणी १९४८ पासूनची. त्यांच्या लहानपणी बातम्यांआधी वाजणाऱ्या वेळेच्या ठोक्यांवर वडील आपलं घड्याळ जुळवायचे. पुढे टीव्ही आला तेव्हा गच्चीवरची अँटेना सेमिनरी हिल्सच्या टॉवरकडे तोंड करून बांधायची आणि वादळ झालं की कोणीतरी वर चढून ती फिरवायची. खालून ओरडणारा एक, वरून "आता आलं का?" विचारणारा दुसरा. १९८७ मध्ये रविवारी सकाळी रामायण सुरू झालं तेव्हा आजींच्या सासरी टीव्ही नव्हता. शेजारच्या ओट्यावर बसून पाहिलं. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मार्चअखेरीस तेच पुन्हा दाखवलं, तेव्हा आजी-आजोबा आपल्या हॉलमध्ये होते, कूलर लावून, नातवाला एकेक पात्र ओळखवत. ज्यांची वेळ आयुष्यभर प्रसारणाने सांगितली, त्यांच्यासाठी सातच्या बातम्या हा केवळ कार्यक्रम नसतो.

कूलरवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, आणि मध्यमवर्गीय घरात मोठा कूलर हॉलमध्येच बसवलेला असतो. टीव्हीही तिथेच. त्यामुळे वर्षातले तीन-चार महिने अख्खं घर त्या एका खोलीत राहतं. इथे टीव्ही कुठे आहे हा प्रश्न घरातली माणसं कुठे बसतात याच्याशी जोडलेला असतो. पुढे तो फार महत्त्वाचा ठरला.

धनत्रयोदशीचा टीव्ही

मुलाने टीव्ही घेतला तो आईसाठीच. हे लिहून ठेवायला हवं, कारण असं प्रकरण सांगताना मुलगा आपोआप खलनायक होतो आणि ते खोटं असतं. आईला दिसत नाही, जुना टीव्ही बत्तीस इंची, म्हणून त्याने पंचावन्न इंची स्मार्ट टीव्ही हप्त्यावर घेतला. जुना एक्स्चेंजमध्ये गेला. "महिन्याला साडेतीनशे केबलला जातात, वाय-फायचे वेगळे. सगळंच अ‍ॅपवर आहे तर मंग केबल कायले पाहिजे?" म्हणून केबल बंद केली, बॉक्स परत दिला. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. बातम्या खरंच मिळत होत्या, मालिका खरंच मिळत होती, आणि कधीही मिळत होती.

घात त्या "कधीही"ने केला. सात वाजता काही लागतच नसे. टीव्ही सुरू केला की आधी चित्रांची भिंत, मग अ‍ॅप, मग "कोण पाहतंय?" असा प्रश्न आणि खाली तीन नावं. मुलगा, सून, नातू. आजींचं नाव त्यात नव्हतं. मुद्दाम गाळलं असं नाही. त्या स्वतः कधी उघडणार आहेत असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. तिथून पुढे शोध, अक्षरांचा तक्ता, एकेक अक्षर बाणाने गाठणं. आम्ही दोघींनी मिळून टीव्ही बंद असल्यापासून बातम्यांपर्यंत जायचा प्रयत्न केला. दहाच्या वर बटणं दाबावी लागली आणि मध्ये एकदा भलत्याच खरेदीच्या पानावर पोचलो.

जुनं यंत्र सोपं होतं असंही नाही. केबल डिजिटल करायचं सरकारने ठरवलं तेव्हा नागपूर दुसऱ्या टप्प्यात होतं, त्याची मुदत ३१ मार्च २०१३. तोवर तार थेट टीव्हीला आणि रिमोट एक. त्यानंतर बॉक्स आला आणि रिमोट दोन झाले. त्या वेळीही आजी अडल्या होत्या. आजोबांनी त्यांच्याच पाकिटातली एक मोठी टिकली काढून बॉक्सच्या चालू-बंदच्या बटणावर चिकटवली आणि एक छोटी सह्याद्रीच्या आकड्यावर. बोटाला टिकली लागली की झालं. म्हणजे तंत्रज्ञान बदललं की ही बाई हरते, असं नाही. त्या वेळी बदल घडताना शेजारी बसून तिच्या बोटाचा विचार करणारं कोणी होतं.

आणि केबलवाला पोरगा होता. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे घ्यायला यायचा, पाणी प्यायचा, "आजी, चित्र बराबर येऊन राहिलं ना?" विचारायचा, वायर हलवून बघायचा. दोनेक वर्षांपूर्वी पैसे मोबाइलवरून जायला लागले तेव्हा त्याचं येणं बंद झालं. मग केबलही गेली. घरातल्या कोणालाही याची खंत वाटली नव्हती. आजींना वाटली होती, पण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्यांना वाटलं नाही.

आता साखरेचं. टीव्हीने वेळ सांगणं सोडलं तेव्हा आजी त्याहून जुन्या घड्याळाकडे गेल्या. दिवेलागणीकडे. अंधार पडला, देवापाशी दिवा लावला की सुई. सातच्या बातम्या बारा महिने सातलाच लागतात, पण सूर्य तसा मावळत नाही. जूनमध्ये नागपुरात सूर्यास्त सातच्या जवळ असतो, डिसेंबरात साडेपाचच्या पुढेमागे. दिवाळीनंतर दिवस आखडत गेला तशी आजींची सुई मागे मागे सरकत गेली. दुसरीकडे, बातम्यांचं म्युझिक बंद झाल्यामुळे कणीक कधी भिजवायची याला धरबंध उरला नाही. सूनबाई आधी वह्या तपासू लागल्या, नातू क्लासहून आला की खोलीत, मुलगा हात-पाय धुऊन मोबाइलवर. जेवण साडेसातचं नऊ झालं, कधी साडेनऊ. सहाच्या आधी इन्सुलिन आणि नऊला ताट. मधल्या वेळात अंग गळाल्यासारखं वाटलं की आजी तिळाचा लाडू खात. डब्यातले लाडू खरंच कमी होत होते. त्यांचं शरीरच ते मागत होतं.

त्यात भर म्हणजे मालिका. नातू मोकळा झाला की लावून द्यायचा. अ‍ॅपवर एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू होतो. पैसे भरून घेतलेलं, त्यामुळे जाहिराती नाहीत. गोळीचा ब्रेक गेला, फेऱ्यांचा ब्रेक गेला. एका बैठकीत तीन-तीन भाग. जानेवारीतल्या त्या रात्री आजींनी दिवेलागणीला सुई लावली होती. नऊ वाजता ताट समोर आल्यावर ती लावल्याचं आठवेना, म्हणून पुन्हा लावली. मध्यरात्री दोन वाजताचे ५२ असे आले.

घरच्यांनी आधीच केलेले उपाय

मी जाण्याआधी घर हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. नातवाने आजीच्या मोबाइलवर सातचा अलार्म लावला होता. तो वाजला की आजी फोन आला समजून उचलायच्या, "हॅलो, हॅलो" करायच्या आणि बाणावर बोट फिरलं की अलार्म मुका. मोबाइल बहुतेक वेळा चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, हेही होतंच. मुलाने वेळ बोलून दाखवणारं घड्याळ आणलं. ते इंग्रजीत बोललं. आजींनी त्याला कपाटात बसवलं.

मग रिमोटवरचा माइक. बटण दाबून बोला, टीव्ही शोधून देतो. आजी म्हणाल्या, "सातच्या बातम्या लाव, बाप्पा." त्याने बातम्यांच्या चित्रफितींची रांग लावून दिली. त्यातली एक उघडली तर विदर्भात गारपिटीचा इशारा. आजींनी धावपळ करून गच्चीवर वाळत घातलेले सांडगे खाली आणवले. आकाश स्वच्छ होतं. चित्रफीत मागच्या कुठल्या तरी वर्षाची होती. हा किस्सा घरात हसण्यावारी नेला जातो, पण मला त्यात गंमत कमी दिसली. बातम्या सुरू आहेत म्हणजे आत्ता सात वाजलेत, हा भरवसा प्रसारणात होता. साठवलेल्या चित्रफितीत तो नसतो, आणि पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात.

हॉलमधली जागा

मुलाचा पुढचा प्रस्ताव समंजस होता. आईच्या खोलीत वेगळा छोटा टीव्ही, त्याला केबल, जुनाच रिमोट. हॉल मोकळा, नातवाला अभ्यासाला शांतता, आईला हवं तेव्हा हवं ते. खर्चाची तयारी होती. मलाही पहिल्या ऐकण्यात यात काही खोट दिसली नाही.

आजींनी साफ नकार दिला. कारण सांगेनात. मुलगा वैतागला, "मी तर आईसाठीच करून राहिलो ना, मॅडम. आता तीच नाही म्हणून राहिली." पुढच्या भेटीत घरात आम्ही दोघीच होतो तेव्हा त्या बोलल्या. "माह्या खोलीत टीवी लावला तं मंग मी बाहेर कायले येऊ? मंग जेवण बी तिथंच आणून देसान. मंग कोणी आलं-गेलं तं म्हणसान, आजी आराम करून राहिली."

या एका वाक्याने प्रकरणाची दिशा बदलली. आम्ही सगळे टीव्हीवर काय दिसावं याचा विचार करत होतो. आजींना प्रश्न पडला होता तो हॉलमधल्या आपल्या जागेचा. जुनी व्यवस्था होती तेव्हा संध्याकाळी सात ते साडेआठ हॉल त्यांचा होता. रिमोट त्यांच्या हाती, बाकीचे त्यांच्या वेळेप्रमाणे येऊन बसणार. नवा टीव्ही आल्यापासून त्या त्याच खुर्चीवर पाहुण्यासारख्या बसत होत्या, नातवाला "लावून देतोस का रे" म्हणत. दिवसातून एकदा म्हणायला काही वाटत नाही. दोनदा, तीनदा म्हणायचं, समोरचा कानात इयरफोन घालून असताना म्हणायचं, हे जड जातं. मग माणूस विचारणं सोडतो. टीव्ही बंद ठेवून नुसता बसतो. सूनबाईंनी सांगितलं होतं की आई हल्ली अंधारात बसतात, हॉलमधला दिवाही लावत नाहीत. त्याचं कारण मला इथे कळलं.

माझं मत स्पष्टच सांगते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्वतंत्र पडदा देणं ही बहुतेक वेळा सोय असते ती बाकीच्यांची. तसं करायलाच नको असं मी म्हणत नाही. कधी कधी इलाज नसतो. पण त्याला आईसाठी केलेली व्यवस्था म्हणू नये.

जमवलेली व्यवस्था

बैठक रविवारी सकाळी, तर्री-पोह्यांवर झाली. चौघंही होते. मी सुरुवात ५२ च्या आकड्यापासून केली, कारण मानापमानाच्या गोष्टीने चर्चा उघडली की घरं बंद होतात. सुई आणि ताट यांच्यामधला अर्धा तास परत आणायचा, एवढंच ठरवायचं आहे, असं म्हटलं.

केबल पुन्हा घ्यायची ठरली, पण कमीत कमी. २०१९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दररचना आली तेव्हापासून वाहिन्या निवडून घेता येतात. त्या वेळी १०० वाहिन्यांपर्यंतचं मूळ शुल्क १३० रुपये अधिक जीएसटी असं ठरलं होतं, आणि दूरदर्शनच्या वाहिन्या त्यात असतातच. मुलाला हे माहीत नव्हतं. आजवर केबलवाला देईल तो पॅक आणि सांगेल ती रक्कम, असंच चाललं होतं. सह्याद्री मूळ शुल्कात आली, वर आजींच्या मालिकेची एक मराठी वाहिनी घेतली. दूरदर्शनच्या फ्री डिशचाही विचार झाला. तिला महिन्याचं काही भरावं लागत नाही, पण आजींची मालिका तिच्यावर नव्हती.

तांत्रिक काम नातवाने केलं आणि ते त्याने मन लावून केलं. बॉक्स टीव्हीच्या पहिल्या एचडीएमआय जागेवर, म्हणजे बाहेरच्या यंत्राची तार खोचतात तिथे, लावला. सुरू होताना चित्रांच्या भिंतीऐवजी थेट ठरलेल्या जागेवर उघडायची सोय बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये असते. ती शोधून काढली. बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचं बटणही शिकवलं, म्हणजे दोन्हीचं चालू-बंद एकाच बटणावर. मग आजीची टिकली मागून घेतली आणि बटणावर चिकटवली. मोठ्या टीव्हीचा स्वतःचा रिमोट आता उंच फडताळावर असतो. अ‍ॅप ज्यांना हवं त्यांनी तो काढायचा.

औषध टीव्हीच्या भरवशावर ठेवावं का, हा डॉक्टरांचा आक्षेप रास्त होता. वीज जाते. बॉक्स बिघडतो. मोठी घडामोड घडली की कार्यक्रम पुढे-मागे होतात. खासगी वाहिन्या तर मालिकांच्या वेळा सर्रास बदलतात, म्हणून सुई मालिकेला न बांधता बातम्यांनाच बांधली. भिंतीवरची दिनदर्शिका काढून टीव्हीच्या शेजारी, आजींच्या हाताशी येईल अशी लावली आणि जाड मार्कर दोरीने टांगला. संध्याकाळची सुई लावली की त्या तारखेवर मोठी फुली. फुली दिसली की दुसरी सुई नाही. दुहेरी इंजेक्शनवर एवढा उपाय पुरला. आणि बातम्या लागल्याच नाहीत तर सूनबाई आवाज देतील, हे त्यांनी स्वतःहून घेतलं. "मलाही तेवढंच बरं, आई. माझा स्वयंपाक पुन्हा वेळेत येईल," असं त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं त्या बैठकीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं, कारण तोवर सगळं आजींवर उपकार केल्यासारखं चाललं होतं.

परिणाम

पुढच्या महिन्याभराच्या नोंदींत सत्तरच्या खाली एकही आकडा नाही. तीनशेही नाहीत. याचं सगळं श्रेय केबलला देता येणार नाही. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून रात्रीची मात्रा थोडी उतरवली होती, आणि दिवसही हळूहळू मोठा होत होता. एचबीए१सी ही चाचणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे तिच्यावर लगेच काही दिसणार नव्हतं. एप्रिलमध्ये केली तेव्हा ती खाली आली होती, पण दिवाळीआधी होती तिथे अजून नाही.

जेवण साडेसातला येत नाही, पावणेआठ होतात. नातू रोज येऊन बसतो असंही नाही. फेऱ्या मात्र जाहिरातींबरोबर परत आल्या. अ‍ॅपवर मालिका पाहणं आजींनी पूर्ण सोडलेलं नाही. चुकलेला भाग दुपारी नातवाकडून लावून घेतात आणि त्या वेळी "लावून देतोस का रे" म्हणताना त्यांना काही वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. संध्याकाळ त्यांच्या हातात असल्यावर दुपारचं मागणं हलकं होत असावं. हा माझा तर्क आहे. त्यांनी तसं म्हटलेलं नाही.

आमच्या ओपीडीत मी एक बदल सुचवला आणि तो झाला. औषध किती वाजता घेता, एवढंच विचारून थांबायचं नाही; त्या वेळी घरात काय चालू असतं, हेही विचारायचं. उत्तरं फार वेगवेगळी येतात. एकाची गोळी मशिदीच्या अजानला, एकीची दूधवाल्याच्या घंटीला, एकाची शेजारच्या शाळेच्या मधल्या सुट्टीला. यातली कुठलीही गोष्ट उद्या बदलू शकते.

आयपीएल सुरू झालं तेव्हा नवी कटकट उभी राहिली. संध्याकाळच्या सामन्याची नाणेफेक सातला, खेळ साडेसातला. नेमका तोच अर्धा तास. दोन दिवस घरात तणाव होता. मग नातवानेच तोड काढली, नाणेफेक मोबाइलवर, मोठा टीव्ही साडेसातनंतर. त्या आठवड्यात त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. अ‍ॅपवरचं चित्र केबलपेक्षा मागे असतं. शेजारच्या घरात केबलवर विकेट पडली की आरडाओरडा आधी कानावर येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. आता तोच बापाच्या मागे लागला आहे की पॅकमध्ये खेळाची वाहिनी घाला. मुलगा म्हणतो, पुन्हा साडेतीनशेवर जाईल. आजी म्हणाल्या, वरचे पैसे माह्या पेन्शनमधून घे, पण मोबाइलवरून नको देऊ. त्या पोराला घरी येऊ दे. केबलवाल्याला निरोप गेला आहे. फाइल मी पुढच्या तपासणीपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, उघडी ठेवली आहे.